बाबा येला!

काल संध्याकाळी बेल वाजली आणि लेक दाराकडे धावली. "बाबा येला! बाबा येला!" सासूबाई म्हणाल्या, "येला नाही गं, आला म्हणायचं."

आमच्या घरात 'येला' कुणीच म्हणत नाही, मग हिनं कुठून आणलं? बस-बसला, पळ-पळाला, मग ये-येला. लाईट गेली की "लाईट जाली". अडीच वर्षांच्या पोरीनं आमच्या बोलण्यातला नियम आपला आपण हुडकून काढलाय. मला तर ही चूक म्हणायला जीभ रेटत नाही.

सहा महिन्यांपूर्वी मात्र माझी झोप उडाली होती. दोन वर्षं पूर्ण झाली तरी मंमं, भूर, काऊ आणि काकाला 'ताता', एवढंच. दोन शब्द जोडून काही म्हणत नव्हती. डॉक्टरांनी आधी कान तपासायला सांगितले. ऐकू येतं का ते बघणारी बेरा टेस्ट लहान मुलांची सहसा झोपेतच करतात. कपाळाला, कानामागे वायरी चिकटवलेलं ते झोपलेलं पिल्लू बघून मला भडभडून आलं. रिपोर्ट नॉर्मल आला. तुमचंही मूल दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नसेल, तर "बोलेल हळूहळू" म्हणत बसू नका. आधी कान तपासा.

पण खरा राग मला प्लेग्रुपच्या सल्ल्याचा आहे. "दोन भाषांनी गोंधळतेय, घरी फक्त इंग्रजी बोला." घाबरून आम्ही आठ दिवस केलंही तसं. त्या आठ दिवसांत सासूबाई घरात गप्प झाल्या. दिवसभर तिच्याशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूसच गप्प!

स्पीच थेरपिस्टनं साफ सांगितलं: दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. तुम्हाला जी भाषा मनापासून येते तीत भरपूर बोला, आणि बोलून झालं की थांबा, तिला वेळ द्या. हे थांबणंच अवघड. आपण लगेच तिच्या वाटचं बोलून टाकतो.

मग सासूबाई मेथी निवडायला बसल्या की हिला शेजारी घ्यायच्या. "हे पान, ही काडी. काडी टाकायची, पान ठेवायचं." एक दिवस काडी पुढे करून हात तसाच धरला, काहीच बोलल्या नाहीत. लेक बघत राहिली, बघत राहिली आणि म्हणाली, "ताडी टात." मी ओट्यापाशी होते, गॅस बंद करून आधी तिला उचललं.

थेरपिस्टनं आणखी एक सांगितलं होतं: चूक काढू नका, बरोबर वाक्य फक्त परत म्हणा. काल रात्री मी सासूबाईंना त्याची आठवण करून दिली.

आज पुन्हा बेल वाजली. "बाबा येला!"

"हो गं बाई, आला, बाबा आला," सासूबाई म्हणाल्या आणि दार उघडायला तिला कडेवर घेतलं.