‘तिकडे मंत्री मध्ये पडत नाहीत’, म्हणे

आमच्या बॅचच्या ग्रुपवर हा मजकूर महिन्याभरात तिसऱ्यांदा आला. टाकणारे तिघं वेगळे, खाली टाळ्यांची रांग मात्र तीच. मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकेत सरकारी विद्यापीठांचा कारभार विद्यापीठंच बघतात. मंत्री-राज्यपाल मध्ये पडत नाहीत. कुठल्या कॉन्फरन्समध्ये खेळायचं हे बाजार ठरवतो. ज्यांच्यात दम होता ते वर गेले, नव्हता ते मागे राहिले. खेळातून आलेल्या पैशावर तिथली विद्यापीठं चालतात. आपण हे कधी शिकणार?’ पुरावा म्हणून पॅक-12 नावाची कॉन्फरन्स फुटल्याची गोष्ट जोडलेली.

मी वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनला शिकलो, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत. फॉरवर्डमधल्या ‘दम नव्हता’वाल्यांत आमचं विद्यापीठ मोडतं. त्यामुळे मी काही त्रयस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण खाली जे लिहितोय ते रागाच्या भरात नाही. घटनाक्रम नीट लावला तरी हा मजकूर जागच्या जागी कोसळतो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कॉन्फरन्स म्हणजे दहा-पंधरा विद्यापीठांचा गट. हंगामात ती आपापसांत खेळतात, टीव्हीचे हक्क एकत्र विकतात आणि पैसा वाटून घेतात. पॅक-12 ही पश्चिम किनाऱ्यावरची कॉन्फरन्स. तिची मुळं 1915 पर्यंत जातात. 2022च्या जूनअखेरीस यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी ती सोडून बिग टेन ही दुसरी कॉन्फरन्स गाठायचं जाहीर केलं. 2023च्या जुलैत कोलोरॅडो गेलं. मग 4 ऑगस्टच्या शुक्रवारी एका दिवसात पाच: वॉशिंग्टन (सिएटलचं, आमचं नव्हे) आणि ऑरेगन बिग टेनमध्ये, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. सप्टेंबर उजाडला तसे स्टॅनफर्ड आणि बर्कली थेट ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं ॲटलांटिकच्या नावाखाली! मागे राहिली दोन, ऑरेगन स्टेट आणि आम्ही.

आता ‘मंत्री मध्ये पडत नाहीत’ हे बघू.

इथे पहिला घोटाळा शब्दांचा आहे. आपल्याकडे राज्यपाल हा विद्यापीठाचा कुलपती आणि चान्सलर म्हणजेही तोच. कॅलिफोर्निया विद्यापीठात चान्सलर म्हणजे एका कॅम्पसचा प्रमुख, आपला कुलगुरू म्हणा. आणि तिकडचा गव्हर्नर राजभवनात बसून सह्या करणारा नव्हे. तो निवडून आलेला असतो, म्हणजे आपल्या हिशेबात मुख्यमंत्रीच. या विद्यापीठाचे दहा कॅम्पस, यूसीएलए आणि बर्कली त्यातलेच दोन, आणि त्या सगळ्यांवर 26 जणांचं एकच बोर्ड ऑफ रीजंट्स, म्हणजे नियामक मंडळ. त्यातले 18 जण गव्हर्नर नेमतो, प्रत्येकी 12 वर्षांसाठी. सात पदसिद्ध: स्वतः गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर, विधानसभेचा स्पीकर, राज्याचा शिक्षण अधीक्षक, माजी विद्यार्थी संघटनांचे दोघं आणि विद्यापीठाचा अध्यक्ष. उरलेला एक विद्यार्थी. आपल्याकडे मंत्र्याला प्र-कुलपती करण्याचं विधेयक डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, तेव्हा केवढा गहजब झाला होता आठवतंय? पुढे ते मागे घ्यावं लागलं. कॅलिफोर्नियात मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री आणि सभापती बोर्डावर बसलेलेच असतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मिशिगनमध्ये तर त्याहून पुढची पायरी. तिथले आठ रीजंट्स पक्षाच्या चिन्हावर राज्यभर मतं मागून निवडून येतात.

मग ते मध्ये पडले का? पडले ना. यूसीएलएनं कॉन्फरन्स सोडायचा निर्णय रीजंट्सकडे मंजुरीला नेलाच नव्हता. असले करार करायचे अधिकार 1991 पासून कॅम्पसप्रमुखांकडे सोपवलेले होते आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. बातमी फुटल्यावर तीनच आठवड्यांत गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम रीजंट्सच्या बैठकीला जातीनं हजर झाले आणि हे कसं घडलं याचा खुलासा मागितला. ऑगस्टमध्ये बोर्डाच्या वकिलांनी मत दिलं की अधिकार सोपवले म्हणजे सोडून दिले असं नाही, बोर्ड ते परत घेऊ शकतं. 14 डिसेंबर 2022ला मतदान झालं आणि 11 विरुद्ध 5 मतांनी यूसीएलएला जायला मुभा मिळाली.

‘मिळालीच ना शेवटी!’ असं ग्रुपवर कुणीतरी म्हणणार. खरंय, अडवलं नाही. पण मुभा अटींसकट होती. लांबच्या प्रवासात खेळाडूंच्या जेवणाखाण्यावर, मानसिक आरोग्यावर, अभ्यासाच्या मदतीवर जादा खर्च करा, ही एक. दुसरी जास्त मजेदार. यूसीएलए गेल्यानं त्याच बोर्डाखालच्या बर्कलीचं जे नुकसान होणार, त्याची भरपाई यूसीएलएनं द्यायची. आकडा पुढे 2024 मध्ये ठरला: वर्षाला 1 कोटी डॉलर. घटस्फोटानंतरच्या पोटगीला इंग्रजीत ‘ॲलिमनी’ म्हणतात, त्यात ‘कॅल’ हे बर्कलीचं छोटं नाव घुसवून तिथल्या पत्रकारांनी याला ‘कॅलिमनी’ असं नाव पाडलं. थोरल्या भावानं शहरात वेगळं बिऱ्हाड केलं, तर आईनं धाकट्याच्या नावानं दर महिन्याला मनीऑर्डर लावून घ्यावी, तसाच हा प्रकार.

आणि हे काही एकट्या कॅलिफोर्नियाचं वेड नाही. 2003 मध्ये ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स वाढत होती तेव्हा व्हर्जिनिया टेकचं नाव यादीत नव्हतं. गव्हर्नर मार्क वॉर्नर यांनी जोर लावला. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मताशिवाय विस्ताराचं गणित जमत नव्हतं, आणि त्या मताच्या बदल्यात टेकला आत घ्यावं लागलं. टेक्ससमध्ये 1994 साली बिग ट्वेल्व्हची जुळवाजुळव चालू असताना टेक्सस टेक आणि बेलर आत गेले. त्यामागे लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलक होते, हे तिथे शाळकरी पोरालाही माहीत असतं. बुलकसाहेब दोन्हीकडे शिकलेले. जेम्स मॅडिसन विद्यापीठाला सन बेल्ट कॉन्फरन्समध्ये जायचं होतं तर नोव्हेंबर 2021 मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं नेमलेल्या आयोगासमोर हिशेबाची कागदपत्रं घेऊन उभं राहावं लागलं. तेव्हा कुठे होकार आला.

‘बाजार ठरवतो’ यात अर्धं तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. लॉस एंजेलिस ही न्यूयॉर्कखालोखाल देशातली सर्वांत मोठी टीव्ही बाजारपेठ. ती हातात आल्यावर बिग टेननं ऑगस्ट 2022 मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा करार केला, 700 कोटी डॉलरच्या वर. पॅक-12च्या पदरात वर्षभर घासाघीस करून शेवटी ॲपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव पडला, तोही किती लोक वर्गणी भरतात त्यावर अवलंबून. तो पाहून 4 ऑगस्टला बांध फुटला. पण बाजारानं काय ठरवलं? कुणाला बोलावणं जायचं, एवढंच. बोलावणं आल्यावर जाणाऱ्यानं मागे राहणाऱ्याला काय द्यायचं, हे बाजारानं ठरवलं नाही. ते वर बोर्ड कुठलं बसलंय त्यानं ठरवलं.

माझा सगळा मुद्दा खरं तर इथेच आहे. बर्कलीला वर्षाला 1 कोटी मिळाले कारण तिच्या आणि यूसीएलएच्या डोक्यावर एकच बोर्ड होतं. ऑरेगन राज्यात 2013च्या कायद्यानं जुनी सामायिक व्यवस्था मोडून ऑरेगन आणि ऑरेगन स्टेट यांना आपापली बोर्डं दिली. तेव्हा सगळीकडे ‘स्वायत्तता’ म्हणून कौतुक झालं होतं. दहा वर्षांनी ऑरेगन उठून गेलं, तेव्हा ‘बाबा रे, शेजारच्याचं काय’ असं विचारायला दोघांच्या वर कुणी उरलं नव्हतं. वॉशिंग्टन राज्यातही सिएटलचं बोर्ड वेगळं, आमचं वेगळं. नुकसान तेच, पण कॉर्व्हॅलिस (ऑरेगन स्टेटचं गाव) आणि पुलमनला भरपाईची अट घालणारं कुणी नव्हतं. आम्हाला कोर्टात जावं लागलं.

तर आता तो ‘दम’.

पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स स्थापन करणाऱ्या चार विद्यापीठांत ऑरेगन स्टेट होतं. 2022च्या मोसमात त्यांनी अमेरिकन फुटबॉलमध्ये 10 सामने जिंकले. 16 कोटी डॉलर खर्चून नूतनीकरण केलेलं त्यांचं रेझर स्टेडियम उघडलं ते सप्टेंबर 2023 मध्ये, म्हणजे कॉन्फरन्स नुकतीच मोडली होती. नव्या कोऱ्या खुर्च्या, आणि पुढच्या वर्षी पाहुणे म्हणून कोण येणार याचा पत्ता नाही. त्याच महिन्याच्या 23 तारखेला आम्ही दोघं अनाथ पुलमनमध्ये एकमेकांशी खेळलो. ते देशात 14वे, आम्ही 21वे. 38-35 असा सामना झाला, आम्ही जिंकलो. कुणालाच नको असलेले दोन संघ देशातल्या पहिल्या पंचविसांत! दम कमी नव्हता. गावं लहान होती.

पुलमन किती लहान ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. चहूबाजूंनी पलूस. (आपल्या सांगली जिल्ह्यातलं पलूस वेगळं. पहिल्या वर्षी आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी थट्टा करतोय.) म्हणजे गव्हाच्या टेकड्यांमागून टेकड्या. जूनमध्ये हिरव्या, ऑगस्टमध्ये भाकरीच्या पापुद्र्यासारख्या करपट पिवळ्या. कापणीचं यंत्र उतारावर कलतं चालतं ते बघत बसावं. टीव्हीवाल्यांच्या लेखी इथे घरंच नाहीत. जिल्ह्याचं ठिकाण कोलफॅक्स, पंचवीसेक किलोमीटरवर, त्याहूनही लहान. महाविद्यालयीन खेळातला त्या दशकातला एक मोठा खटला या कोलफॅक्सच्या कोर्टात, गॅरी लिबी या न्यायाधीशांसमोर चालला.

खटल्यातला मुद्दा ऐकण्यासारखा आहे. कॉन्फरन्सच्या नियमात होतं की जो सदस्य सोडून जायची नोटीस देईल त्याची संचालक मंडळावरची जागा गेली. यूएससी आणि यूसीएलएनं नोटीस दिली तेव्हा बाकी दहांनी हाच नियम दाखवून त्यांना बैठकीबाहेर ठेवलं होतं. वर्षभरानं त्याच दहांपैकी आठ जण उठून निघाले आणि म्हणायला लागले की आमची मतं मात्र शाबूत आहेत! आम्ही आणि ऑरेगन स्टेटनं सांगितलं, तुम्ही स्वतः लावलेला नियम आता तुम्हालाही लागू. 14 नोव्हेंबर 2023ला लिबींनी आमच्या बाजूनं मनाई हुकूम दिला. डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. कॉन्फरन्सची तिजोरी आणि नाव दोघांकडे राहिलं. पुढे जाणाऱ्यांशी पैशांची तडजोडही झाली.

या खटल्यात आमच्या विरोधात हिरिरीनं उतरलं कोण होतं? सिएटलचं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन. एकाच राज्याची दोन सरकारी विद्यापीठं त्याच राज्याच्या कोर्टात समोरासमोर. करदाता तोच. याला कुणी ‘विद्यापीठंच कारभार बघतात’ म्हणत असेल तर म्हणो बापडा. आमच्याकडे भावकीचा वाद म्हणतात.

शेवटचं, ‘खेळाच्या पैशावर विद्यापीठं चालतात’. याला फार वेळ देण्यात अर्थ नाही. 2019 साली वरच्या श्रेणीतल्या सुमारे 130 विद्यापीठांपैकी खेळातून खर्चापेक्षा जास्त कमावणारी होती 25. बाकी ठिकाणी पैसा उलट्या दिशेनं वाहतो, विद्यापीठाकडून मैदानाकडे. व्हर्जिनियात तर विद्यार्थ्यांच्या फीमधून खेळाला किती टक्के द्यायचे यावर 2015 मध्ये कायद्यानं मर्यादा घालावी लागली. यूसीएलए गेलं तेव्हा त्याच्या क्रीडा विभागाची तीन वर्षांची तूट 10 कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. ते पळालं ते श्रीमंतीमुळे नव्हे.

बर्कलीचं स्टेडियम एकदा बघून यावं. हेवर्ड नावाची भूकंपाची भेग मैदानाखालून, या गोलपोस्टपासून त्या गोलपोस्टपर्यंत जाते. जमीन सावकाश सरकते आहे, त्यामुळे बाहेरच्या भिंतीला तडा गेला होता आणि त्याच्या दोन कडा एकमेकींपासून ढळलेल्या दिसायच्या. ते मजबूत करायला 32 कोटी डॉलर लागले, 2012 मध्ये ते पुन्हा उघडलं. त्या कर्जाचा डोंगर क्रीडा विभागाला उचलेना, म्हणून 2018 मध्ये विद्यापीठानं जवळपास निम्मा भार स्वतःच्या अंगावर घेतला. खेळानं विद्यापीठ पोसलं की विद्यापीठानं खेळ? आणि नव्या कॉन्फरन्समध्ये बर्कलीला पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला जेमतेम 30 टक्के वाटा. तेवढ्यासाठी मुलं बॉस्टन आणि मायामीला जाऊन खेळतात.

राहिलं ‘आपण हे कधी शिकणार’. शिकू की. पण नेमकं कुठलं शिकायचं ते फॉरवर्ड पाठवणाऱ्यानं आधी सांगावं: गव्हर्नर ज्या बोर्डावर बसतो आणि जे एका कॅम्पसकडून दुसऱ्याला वर्षाला कोटभर डॉलर द्यायला लावतं ते, की प्रत्येकाला आपापलं बोर्ड देऊन मग कोलफॅक्सच्या कोर्टात पाठवणारं? पॅक-12 अजून संपलेली नाही. बोइसी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट अशांना घेऊन 2026 पासून तिचा नवा संसार. माझा जुना रूममेट मोसमाची तिकिटं काढून बसलाय.