कार्ड तीन वर्षांचं झालं म्हणून भंगार होत नाही

दिवाळीपासून आमच्या परभणीतल्या पोरांच्या ग्रुपांमध्ये एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: ‘ग्राफिक्स कार्ड तीन वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते भंगार समजा. ८ जीबीच्या खाली आता एकही गेम धड चालत नाही. नवं कार्ड टाकलं की जुना पीसी नवा होतो, एफपीएस दुप्पट. जुनं कार्ड वीज खातं, नव्याचे पैसे लाइटबिलातूनच निघतात. सेकंडहँडच्या नादी लागू नका, सगळा मायनिंगचा माल आहे. आणि घ्यायचं तर आत्ताच घ्या, पुढं भाव वाढणार.’ (ग्राफिक्स कार्ड म्हणजे पीसीत गेमचं चित्र काढणारा भाग; जीबी ही त्याची स्वतःची मेमरी; एफपीएस म्हणजे सेकंदाला तयार होणारी चित्रं, म्हणजे फ्रेम; आणि मायनिंग म्हणजे डिजिटल चलन मिळवायला कार्ड रात्रंदिवस राबवणं.)

माझ्याकडं तो भाच्यानं पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, आता कार्ड बदलावंच लागन.’ भाचा मानवतजवळच्या गावचा, परभणीत खोली करून शिकतो. सप्टेंबर २०२५ च्या पावसात दाजींचं निम्म्याहून जास्त सोयाबीन पाण्याखाली गेलं. त्या घरातून नव्या कार्डासाठी तीस हजार रुपये निघणार असतील तर ते कशावर जाताहेत हे बघितलंच पाहिजे. म्हणून या मेसेजला मुद्देसूद उत्तर देतोय. असे भाचे आणि असे दाजी मराठवाड्यात घरोघरी आहेत.

तीन वर्षांचं आधी मिटवून टाकू. एनव्हिडिया या कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं जीटीएक्स १०६० जुलै २०१६ मध्ये आलं. त्या पिढीच्या कार्डांना गेमसाठीचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ पर्यंत मिळत होते, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील असं कंपनीनं जाहीर केलंय. २०१८ साली आलेल्या आरटीएक्स २० मालिकेला डीएलएसएसचं (कमी पिक्सेलचं चित्र एआयनं मोठं करून एफपीएस वाढवणाऱ्या तंत्राचं) सुधारित मॉडेल जानेवारी २०२५ मध्ये मिळालं. कार्ड विकणारी कंपनी स्वतः नऊ-नऊ वर्षं ते सांभाळत असताना तीन वर्षांत त्याला भंगारात काढायचा हिशोब कुठून आला?

८ जीबीच्या मुद्द्यात मात्र अर्धं खरं आहे, आणि ते कबूल केलं पाहिजे. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ या गेमांना रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून सावल्या-प्रतिबिंबं काढायचं) हार्डवेअर कार्डातच लागतं आणि किमान मेमरी ८ जीबी मागितलीय. ४ जीबीच्या जीटीएक्स १६५० वर हे गेम खेळायचं मनातही आणू नका. तुम्हाला असेच गेम खेळायचे असतील तर मेसेज तुमच्यापुरता बरोबर आहे. पण ‘एकही गेम चालत नाही’ हे धादांत खोटं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५, माइनक्राफ्ट हे सगळं ४ जीबीच्या कार्डावर १०८० पी मध्ये खेळता येतं. काहींत टेक्स्चर (भिंती-जमिनीच्या चित्रांचा बारकावा) एक पायरी खाली आणावं लागतं एवढंच. आपण काय खेळतो त्याची यादी कागदावर लिहा, मग मेमरी मोजा.

आता ते वाक्य, ज्यात सगळ्यात जास्त पैसे बुडतात: ‘नवं कार्ड टाकलं की जुना पीसी नवा होतो.’

गेममधली फ्रेम कार्ड एकटं तयार करत नाही. कोण कुठं उभा आहे, गोळी कुणाला लागली, बॉम्ब फुटायला किती सेकंद राहिले, हा सगळा हिशोब प्रोसेसर करतो आणि मग चित्र काढायचं काम कार्डाकडं देतो. प्रोसेसरकडून सेकंदाला ८० च वेळा काम येत असेल तर कार्ड कितीही दांडगं आणा, फ्रेम ८० च येणार. उरलेला वेळ कार्ड रिकामं बसणार. काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट दोन्ही प्रोसेसरवर जास्त अवलंबून, आणि आपल्याकडची पोरं रात्र-रात्र खेळतात ते नेमके हेच.

भाच्याच्या खोलीवर एका रविवारी गेलो. त्याच्या पीसीत चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह आहे, २०१४ मधला चार कोरचा. ८ जीबी रॅमची (प्रोसेसर वापरतो त्या मेमरीची) एकच पट्टी, जीटीएक्स १६५० आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं आणि खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, तापमान आणि एफपीएस दिसेल असं लावून दिलं. काउंटर-स्ट्राइक सुरू केला. एफपीएस ८० च्या मागंपुढं, कार्डाचा वापर ६० टक्के. म्हटलं, ‘रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आण.’ पिक्सेल निम्म्याहून कमी झाले. कार्डामुळं अडत असतं तर एफपीएस झपकन वर गेला असता. आकडा आला ८३. बदल लागू झालाय का म्हणून भाच्यानं दोनदा सेटिंग उघडून बघितलं. झाला होता.

ही तपासणी कुणालाही घरी करता येते, पाच मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही. रिझोल्यूशन उतरवून एफपीएस जागचा हलला नाही तर अडचण प्रोसेसर किंवा रॅमची आहे. एफपीएस उडाला, आणि आधीच्या सेटिंगवर कार्डाचा वापर सतत ९७-९९ टक्के होता, तर कार्ड खरंच कमी पडतंय. तेव्हा खुशाल बदला. एक आणखी बघा, कारण असे दोन पीसी मी स्वतः पाहिलेत: मॉनिटरची केबल कार्डात न लावता मदरबोर्डच्या पोर्टात लावलेली, आणि मालक महिनोन् महिने म्हणतोय की कार्डात दम नाही.

मग कॅबिनेटचं झाकण काढलं. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, स्टिकरवर मोठ्या आकड्यात ४५० वॉट. त्याच स्टिकरवर खाली बारीक तक्ता असतो, तो वाचायला मी भाच्यालाच लावलं. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड या दोघांचं पोट या १२ व्होल्टवरच भरतं, त्यामुळं खरा आकडा १९२, साडेचारशे नव्हे. जीटीएक्स १६५० हे ७५ वॉटचं कार्ड, त्याचं बोर्डाच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवर भागतं, म्हणून हा डबा आजवर निभावला. मेसेजखाली सुचवलेलं आरटीएक्स ५०६० हे १४५ वॉटचं. प्रोसेसर ८४ वॉटचा. बेरीज २२९. शिवाय ५०६० ला एसएमपीएसमधून वेगळी आठ पिनची वायर लागते, ती या डब्याला नव्हतीच. म्हणजे तीस हजारांत काम भागतच नाही; वर चांगल्या एसएमपीएसचे पैसे, आणि एवढं करून एफपीएस ८० च्या आसपासच, कारण प्रोसेसर तोच.

मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवणार. ८० चे १६० झाले असते तरी माऊस जरा हलका लागला असता, डोळ्यांना साठच दिसली असती. मेसेजमधल्या ‘एफपीएस दुप्पट’ला मॉनिटरचा पत्ताच नाही.

आणि सबंध मेसेजमध्ये उन्हाचा एक शब्द नाही! आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. भाच्याची खोली पत्र्याची, दुपारी आत पाय ठेववत नाही. खोली जितकी तापते, साधारण तितकंच कार्डही वर सरकतं. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ६५ वर चालणारं कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८३ च्या आसपास पोचतं, आणि तिथं ते स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतं. गेम अडखळतो. पोराला वाटतं, कार्ड म्हातारं झालं. जे कार्ड थंडीत नीट चालतं आणि उन्हाळ्यात अडखळतं, ते जुनं झालेलं नाही, तापलेलं आहे. या एका फरकावरून आपल्या भागातल्या निम्म्या तक्रारींचा निकाल लागेल असं माझं ठाम मत आहे.

भाच्याच्या कार्डाचा पंखा खोलला तेव्हा हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पट्ट्यांवर धुळीचा करडा थर गोधडीच्या अस्तरासारखा बसलेला होता. चिमटीत धरून अख्खा उचलून निघाला. दोन वर्षांची धूळ, खिडकीबाहेर कच्चा रस्ता. ब्रशनं साफ केलं, चिपची उष्णता हीटसिंककडं नेणारी थर्मल पेस्ट नवी लावली. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, ती गरगर फिरू देऊ नका, नाहीतर बेअरिंग जातं. उन्हाळ्यात खोलीत कूलर लावला तर उत्तमच, पण त्याची ओली हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नका. आतल्या धुळीचा चिखल होतो. आणि ज्यांच्या गावात मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, लाइट येते-जाते, त्यांनी कार्डाआधी यूपीएस बघावा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. मोठं कार्ड टाकून तो खेळता खेळता बंद पडला तर मॅचही गेली आणि झटका बसला तो वेगळाच.

लाइटबिलाचा हिशोब मेसेजवाल्यानं केलेलाच नाही. भाच्याच्या बाबतीत तर नवं कार्डच जुन्याच्या जवळपास दुप्पट वीज घेणारं आहे. मेसेजच्या सोयीचं उदाहरण घेऊ: २०१७ चं आरएक्स ५८०, १८५ वॉट, काढून ११५ वॉटचं आरटीएक्स ४०६० टाकलं. ७० वॉट वाचले. रोज चार तास खेळलात तर महिन्याला ८.४ युनिट, वर्षाला शंभरच्या घरात. युनिटला दहा रुपये धरा. वर्षाचे हजार झाले. तीस हजारांचं कार्ड असं वसूल व्हायला तीस वर्षं लागतात.

सेकंडहँडबद्दल थोडक्यात सांगतो. कार्डांवर चालणारं इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं, त्यानंतर बाजारात आलेली अशी कार्डं खरोखर होती. पण मायनिंगला लावलेलं प्रत्येक कार्ड मेलेलं नसतं; त्यात झिजतात ते मुख्यतः पंखे आणि थर्मल पॅड. पुण्याहून किंवा मुंबईहून कुरिअरनं न बघता मागवू नका, विकणाऱ्यासमोर अर्धा तास गेम चालवा, तापमान आणि पंख्याचा आवाज बघा, बिल मागा. एवढं जमत नसेल तर नवंच घ्या.

भाव वाढण्याचा मुद्दा खोटा नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळं २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव चांगलेच चढले, आणि कार्डातही मेमरीच असते. पण भाव वाढणार म्हणून आपल्या मशीनला न पेलणारं कार्ड घेऊन ठेवायचं, याला खरेदी म्हणत नाहीत. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते. कार्ड खोक्यात पडून राहिलं तरी तिचे दिवस संपत जातात.

मी कुणाला घेऊच नको म्हणतो असं नाही. माझ्या मावसबहिणीची मुलगी संभाजीनगरात लग्नांचे व्हिडिओ एडिट करते आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घरांची मॉडेल बनवते. तिचा प्रोसेसर नवा, एसएमपीएस चांगला, आणि रेंडर करताना, म्हणजे शेवटचं चित्र तयार करताना, कार्डाची ६ जीबीची मेमरी भरून काम मध्येच थांबायचं. तिला मी त्याच आठवड्यात १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० घ्यायला लावलं.

भाच्यासाठी त्याच्याच प्रकारची ८ जीबीची जुनी डीडीआर ३ रॅमची पट्टी शोधून आणली. दोन पट्ट्या झाल्यावर मधूनमधून बसणारे झटके बरेच कमी झाले. त्या मशीनवर विंडोज १० आहे, त्याच्या नेहमीच्या अपडेटचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी चौथ्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळं पुढचा खर्च बोर्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएसवरच करावा लागणार आहे. दाजींना फोनवर एवढंच सांगितलं. ते म्हणाले, ‘मग तूर निघाल्यावर बघू.’ भाच्यानं स्वतः एसएमपीएसची नावं काढून ठेवलीत, प्रत्येकापुढं १२ व्होल्टचे अँपिअर लिहून.