हेल्पर लिहिलेला फिटर

परवा भावाच्या कोर्टातल्या केसच्या तारखेवरून परत येताना बस स्टँडवर गावातले एक काका भेटले. चांगला माणूस आहे, माझ्या बाबांसोबत रोजगार हमीच्या कामावर होते. म्हणाले, "काऊन बे, अजूनबी तेच चालू हाय का तुमचं? लागला ना तुहा भाऊ दुसरीकडं, सोडून द्या आता." बस लागली होती म्हणून मी काही बोललो नाही, पण घरी आल्यापासून ते बोलणं डोक्यातून जातच नाहीये. म्हणून लिहितो. लांब होईल.

माझा लहान भाऊ आयटीआय फिटर आहे. घरापासून नऊ किलोमीटरवर एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, लागला होता. जिनिंगचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे आणि वकील साहेबांनी तसं बजावलंय. लोकांना वाटते जिनिंग म्हणजे दिवाळी ते होळी, कापूस आला, रुई निघाली, गठाणी बांधल्या, संपलं. फिटरचं तसं नसते. डबल रोलर मशीनचे चामड्याचे रोलर झिजतात, त्यांच्या खाचा पुन्हा पाडाव्या लागतात, सुरीची सेटिंग करावी लागते, आणि ती थोडीही चुकली की सरकी फुटते नाहीतर रुई खराब येते. पावसाळ्यात सगळ्या मशीन खोलून ओव्हरहॉलिंग. भाऊ बाराही महिने जायचा. रात्री दोन वाजता मशीन बंद पडली तर फोन त्यालाच यायचा, हे मी माझ्या कानानं ऐकलंय कारण आम्ही एकाच खोलीत झोपतो.

दोन वर्षांनी त्याच्याच आयटीआयचा, त्याच्याच बॅचचा एक पोरगा तिथं लागला. दोघं दोस्त. डबे एकत्र खाणारे. त्या पोराला सुरी सेट करायला माझ्याच भावानं शिकवलं, आयटीआयत जिनिंगची मशीन कोणी दाखवत नाही ना. तर एक दिवस दोघं माझ्या सेंटरवर आले, पीएफचं पासबुक काढायला. मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, दिवसाला अशी चार-पाच पासबुकं काढून देतोच. आधी भावाचं काढलं. वेतन १०,५००, कामगाराचा हिस्सा १,२६०. मग त्या पोराचं. वेतन १४,०००, हिस्सा १,६८०. दोन्ही कागद प्रिंटरमधून एकामागोमाग आले, गरम होते अजून, आणि ते मीच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. कोणी काही बोललं नाही. तो पोरगाच आधी म्हणाला, "मले खरंच माहीत नोतं बे." माझा त्याच्यावर विश्वास आहे.

महिन्याला साडेतीन हजार. दोस्त लागल्यापासून भावाला काढेपर्यंत २६ महिने झाले, म्हणजे ९१,००० रुपये. ज्या घरात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कापसाचे पैसे येईपर्यंत थांबलं होतं त्या घरात ९१,००० म्हणजे काय ते मी सांगायची गरज नाही.

भाऊ मॅनेजरकडं गेला. भांडायला नाही, विचारायला. उत्तर मिळालं, "तू कागदावर हेल्पर हायेस, तो फिटर म्हणून लागला. रेट पोस्टचा असते, माणसाचा नसते." मग मला बी फिटर करा म्हणाला तर, "त्याच्या घरचे वळखीचे हायत, जबाबदारीचं काम हाय ते." बस. अकराव्या दिवशी गेटवरच सांगितलं, काम कमी हाय, उद्यापासून येऊ नोको. नोटीस नाही, कागद नाही, हिशोब नाही. महिना होता जानेवारी! कापसाच्या गाड्या गेटपासून डांबरी रोडपर्यंत लागलेल्या होत्या आणि म्हणे काम कमी आहे. महिनाभरात त्याच्या जागेवर दुसरा माणूस घेतला.

हे जातीमुळं झालं असं आम्ही म्हणतो, तर लोक विचारतात की यात जात कुठं आली, कोणी शिवी दिली का? नाही दिली. एक शब्द जातीवरून कोणी बोललं नाही, त्यामुळं पोलीस स्टेशनला जाऊन अॅट्रॉसिटी लावा म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हटलं, जे झालं नाही ते कशाला सांगायचं. पण तुम्ही त्या जिनिंगमध्ये एकदा जाऊन पाहा कोण कुठं उभं आहे. कवडी (खराब कापूस) वेचणाऱ्या बाया, सरकीची पोती उचलणारे, झाडझूड करणारे, गठाणी लावणारे हमाल, यात आमच्या वस्तीतले आणि बेड्यावरचे (पारधी-भटक्यांच्या वस्तीवरचे) लोक सापडतील. वजनकाट्यावर, ग्रेडिंगला, ऑफिसात, वर्कशॉपमध्ये कागदावर फिटर म्हणून भाऊ होता तेवढ्या वर्षांत आमच्यातला एकही माणूस लागला नाही. "वळखीचा" या एका शब्दात सगळं बसते. गावात कोणाची ओळख कोणाशी असते, कोण कोणाच्या ओट्यावर बसते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, मग त्या ओळखीवर पोस्ट वाटली तर जात वेगळी बोलून दाखवायची गरजच काय उरते?

आणि हे आजचं नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, आणि तिथं अस्पृश्य कामगारांना घेत नव्हते. कारण काय तर सुताची कांडी बदलली की धोट्याच्या (मागावर सूत इकडून तिकडं नेणाऱ्या भागाच्या) भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि एकाचं तोंड लागलेला धोटा दुसरा कसा घेणार. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला. तिथंही कोणी म्हणत नव्हतं की याला एकाच कामाचे कमी पैसे देतो. कामच वेगळं द्यायचं, मग पैसे आपोआप कमी होतात आणि हिशोबाच्या वहीत चूक म्हणून काही दिसत नाही.

वकील साहेबांनी मला अमेरिकेतली एक केस सांगितली, मी ती नंतर शोधून वाचली. ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर. नॉर्थ कॅरोलिनातला वीज कारखाना, पाच खाती, काळ्या कामगारांना फक्त मजूर खात्यात ठेवलेलं, आणि मजूर खात्यातल्या सगळ्यात जास्त पगाराच्या माणसाला बाकी चार खात्यांतल्या सगळ्यात कमी पगारवाल्यापेक्षाही कमी मिळे. १९६४ चा नागरी हक्क कायदा १९६५ त लागू झाला, तर ज्या दिवशी लागू झाला त्याच दिवसापासून कंपनीनं चांगल्या खात्यांसाठी लेखी परीक्षा घातल्या, आणि हायस्कूल पासची अट तर आधीपासून होतीच. गोरे कामगार मात्र तशा सर्टिफिकेटशिवाय वर्षानुवर्षं तीच कामं नीट करत होते. तेरा कामगार कोर्टात गेले. १९७१ त तिथल्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की मालकाच्या मनात काय होतं एवढंच पाहून चालणार नाही, नियमाचा परिणाम काय होतो ते पाहा, आणि त्या नियमाचा कामाशी संबंध आहे हे मालकानं दाखवावं. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते आणि मी भावाला झोपेतून उठवून सांगितलं.

१९७३ च्या दुसऱ्या एका केसमध्ये तिथं असं ठरलं की कामगारानं सुरुवातीला संशयाला जागा आहे एवढं दाखवलं की मालकानं कारण सांगायचं, आणि मग ते कारण खरं आहे की नुसती सबब, हे दाखवायची संधी कामगाराला. तिथंही कामगार हरतात, पुष्कळ हरतात. पण निदान प्रश्न विचारायला जागा आहे.

आपल्याकडं? संविधानात कलम १६ आहे, पण ते सरकारी नोकरीपुरतं. समान वेतनाचा १९७६ चा कायदा बाई आणि माणूस यांच्यासाठी होता, २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता आली, तीही हवीच, पण जातीमुळं कमी पगार दिला म्हणून खासगी जिनिंगच्या मालकाला जाब विचारणारं सरळ कलम त्यात नाही. अमेरिकेतल्या सिॲटल शहरानं फेब्रुवारी २०२३ त कायद्यात जात हा शब्द घातला, नोकरीत जातीवरून भेदभाव करायचा नाही म्हणून. आपली जात तिथल्या कायद्यात गेली आणि जिथं ती रोज जगली जाते तिथल्या खासगी कारखान्यातल्या पगाराला लागू होणारं तसं सरळ कलम मला सापडलं नाही. याचा मला राग येतो, आणि हा राग मी लपवणार नाही.

आम्ही धरला तो महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटनांचा आणि अनुचित प्रथांचा कायदा. त्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे, सूड म्हणून कामावरून काढणं ही अनुचित प्रथा, आणि गुणवत्ता न पाहता काही कामगारांना झुकतं माप देणं हीसुद्धा. पण काढल्याची तक्रार लेबर कोर्टात आणि झुकत्या मापाची इंडस्ट्रियल कोर्टात. एकाच माणसाची एकच गोष्ट, दोन दरवाजे, दोन तारखा, दोनदा मजुरी बुडते. आणि तक्रार ९० दिवसांत करायची, हे तर कोणाला माहीतच नसते. भाऊ ८१ दिवस नुसता वाट पाहत होता, शेट बोलावतील म्हणून. वकिलाकडं गेलो तेव्हा नऊ दिवस उरले होते. माझ्याकडं सेंटरवर जो कोणी पीएफ काढायला येतो आणि म्हणतो मला काढून टाकलं, त्याला मी आधी तारीख विचारतो, फॉर्म नंतर.

समोरच्यांचं म्हणणं आहे की हा हेल्परच होता आणि हंगामी होता. त्यावर मस्टर आणि पगाराचं रजिस्टर मागवलंय. ओव्हरहॉलिंगच्या महिन्यांच्या हजेऱ्या त्यात असल्या तर हंगामी कसा म्हणणार.

राहिला तो दोस्त. त्याला साक्षीला बोलवायचं का यावर घरात दोन महिने वाद झाला. भाऊ म्हणतो नको, त्याची नोकरी जाईल, त्याचं लग्न ठरलंय. मागच्या आठवड्यात रात्री सेंटर बंद करत होतो तर तोच आला, गाडी लांब लावून, शटर अर्धं खाली असताना वाकून आत आला. म्हणाला, "भाऊ, कोर्टात काय इचारतात?" मी म्हटलं, एवढंच की तुले सुरी सेट करायला कोणं शिकवलं. तो म्हणाला, "ते तर मी सांगू शकतो."

काका, तुम्ही ही पोस्ट वाचत असाल तर, आम्ही सोडत नाही आहोत. पुढची तारीख १८ ला आहे. त्या काळात वर्कशॉपमध्ये, प्रेसवर किंवा गेटवर जे कोणी होते आणि ज्यांनी भावाला काम करताना पाहिलंय, त्यांनी मला सेंटरवर येऊन भेटा. संध्याकाळी सातनंतर या, गर्दी नसते.