“दोन मिनिटांच्या कामाला अख्खा दिवस” या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

सर्व्हर ताब्यात यायला उशीर झाला आणि तुम्हाला ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून क्षमस्व.

पण “एपीटीच्या एका कमांडचं काम, यांनी सोर्सपासून बिल्ड करून तास वाढवले” हे वाक्य फार लागलं. (एपीटी म्हणजे डेबियन या लिनक्स प्रणालीत तयार पॅकेज बसवणारं साधन; सोर्सपासून बिल्ड म्हणजे मूळ कोडपासून प्रोग्राम स्वतः तयार करणं. इथे तो प्रोग्राम एफएफएमपेग, म्हणजे आवाज-व्हिडिओचं रूपांतर करणारा.) आमचं छोटं काम लोकांच्या विश्वासावर चालतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्हाला ३२ केबीपीएसवर (सेकंदाला ३२ किलोबिट) एचई-एएसी, म्हणजे कमी डेटात चालणाऱ्या प्रकारातला आवाज हवा होता. एफएफएमपेगच्या स्वतःच्या एएसी एन्कोडरला (आवाज त्या प्रकारात बदलणाऱ्या भागाला) ते जमत नाही, एफडीके एएसी लायब्ररी लागते. तिचं लायसन्स जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याशी जुळत नाही आणि व्हिडिओसाठी तुम्हीच सांगितलेलं एक्स२६४ (व्हिडिओ एन्कोडर) जीपीएलखाली येतं. दोन्ही घालून बनवलेली बायनरी (चालवायला तयार प्रोग्राम) कोणालाही वाटता येत नाही, त्यामुळे डेबियनच्या पॅकेजमध्ये ही सोय मिळत नाही. स्वतःच्या सर्व्हरवर स्वतःपुरती बनवायला मात्र आडकाठी नाही. आम्ही तेच केलं. एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि डेटाबेस आम्ही पॅकेजमधूनच टाकले, कारण तिथे हाताने बिल्ड करायची काहीच गरज नव्हती.

तुम्ही म्हणता, नंतर ‘एपीटी इन्स्टॉल एफएफएमपेग’ चालवलं आणि एचई-एएसी लगेच चाललं. सर, चाललं ते आमचंच बिल्ड. ते ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये आहे, एपीटीचं ‘/यूएसआर/बिन’मध्ये गेलं, आणि पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) लोकलचा नंबर आधी लागतो. ‘व्हिच एफएफएमपेग’ टाकून बघा, कोणतं चालतंय ते दिसेल. मग ‘/यूएसआर/बिन/एफएफएमपेग’ असा पूर्ण पत्ता देऊन एन्कोडरची यादी काढा, त्यात एफडीकेचं नाव दिसणार नाही.

वेळेचं म्हणाल, तर मेक, म्हणजे प्रत्यक्ष बिल्ड, संपत आलं असताना “एक्स२६५ पण घाला” असा तुमचा निरोप आला. म्हणजे ती आणखी एक व्हिडिओ लायब्ररी आणायची, कॉन्फिगर (बिल्डमध्ये काय घालायचं ते ठरवणं) पुन्हा, मेक पुन्हा. आम्ही एका शब्दाने कुरकुर केली नाही, पण तो वेळ आमच्या नावावर लिहिला गेला याचं वाईट वाटतं.

या एका प्रोग्रामला एपीटीकडून सुरक्षा अपडेट येणार नाहीत, हे काम सोपवताना लेखी दिलं आहे. कॉन्फिगरची पूर्ण ओळही त्याच फाइलमध्ये आहे, म्हणजे पुढचं बिल्ड कोणालाही करता येईल. यापुढे वेळेचा अंदाज आधीच स्पष्ट देण्याकडे लक्ष देऊ.

वरच्या दोन कमांड एकदा चालवून बघा, आणि पटलं तर अभिप्रायातलं तेवढं वाक्य बदला, ही विनंती.