सहा वर्षे जपानात राहून काहीही न शिकण्याची पद्धत

परदेशी चार-सहा वर्षे राहून तिथल्या रीतिभातींचा स्वतःला जराही संसर्ग होऊ द्यायचा नसेल आणि त्याच वेळी घरच्या रीतिभातीही विसरायच्या असतील, तर त्यासाठी किती चिकाटी लागते, हे यंदाच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत मला माहीत नव्हते. टोकियोत नोकरीला असलेला माझा भाचा सिद्धेश्वराची ही यात्रा दाखवायला आपल्या कचेरीतल्या एका जपानी गृहस्थांना घेऊन जानेवारीत सोलापूरला आला आणि दोघेही आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी पाच दिवस राहिले. त्या पाच दिवसांत भाच्याकडून मला जे शिक्षण मिळाले, ते परदेशी निघालेल्या इतर होतकरू मुलांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात नावापासून करावी. जपानीत दुसऱ्याच्या नावाला आदराने ‘सान’ जोडतात, स्वतःच्या नावाला कधीच जोडत नाहीत. आपणही शुद्धीवर असताना ‘मी अमुकसाहेब बोलतोय’ असे म्हणत नाही. तुम्ही मात्र फोन उचलताच स्वतःच्या आडनावाला ‘सान’ लावून मोकळे व्हावे. माझा भाचा हे सहा वर्षे अखंड करीत आला आहे आणि सोबतच्या जपानी माणसांपैकी कोणीही आजवर हसले नाही, हे त्याला आपल्या उच्चारांचे प्रशस्तिपत्रक वाटते.

टोकियोच्या लोकलमध्ये सगळा डबा गप्प बसलेला असताना घरच्यांशी फोनवर मोठ्याने बोलावे. मराठी तिथे कोणाला कळते?

कोणी दोन्ही हातांनी व्हिजिटिंग कार्ड पुढे केले, तर ते एका हाताने घेऊन पँटच्या मागच्या खिशात सारावे आणि मग त्यावर बसावे.

मायदेशी पाहुणा आणलात, तर दुभाष्याचे काम स्वतःकडे घ्यावे आणि शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करावे, म्हणजे दोन्ही बाजूंचा एकदम अपमान होतो. आमच्या पाहुण्यांनी दाराशी बूट काढले, त्यांची टोके बाहेरच्या बाजूला वळवून ते नीट जोडीने ठेवले आणि आत पाऊल टाकताना वाकून काहीतरी म्हटले. भाच्याने सांगितले, “आत्या, ते म्हणतायत, मी अडथळा आणतोय.” माझ्या सासूबाई घाबरल्या आणि कसला अडथळा, म्हणून विचारू लागल्या. तेवढ्यात पाहुण्यांनी सुरेख कागदात बांधलेला मिठाईचा खोका दोन्ही हातांनी पुढे केला, त्यावर भाचा म्हणाला, “ही अगदी फालतू वस्तू आहे म्हणतायत.” पाहुण्यांच्या आणि माझ्या इंग्रजीची इयत्ता एकच असल्यामुळे आमचे दोघांचे चांगले जमले आणि संध्याकाळपर्यंत मला उलगडा झाला की, ते बिचारे ‘आमच्यामुळे तुम्हाला उगाच त्रास’ आणि ‘फूल ना फुलाची पाकळी’ एवढेच म्हणत होते. ही दोन वाक्ये आमच्या गल्लीत रोज कोणी ना कोणी बोलते. भाच्याने मात्र तोवर “भारतात असंच असतं” असे पाहुण्यांना बजावून त्यांच्यादेखतच तो कागद टराटरा फाडला होता. देणाऱ्याच्या समोर आहेर फोडून बघण्याची रीत आमच्या घरात कधी होती, ते मला आठवत नाही, आणि जपानातही ती नाही, हे मला नंतर कळले.

भाताच्या वाडग्यात जेवायच्या काड्या उभ्या रोवून ठेवायला विसरू नये. जपानात मृताच्या नावाने ठेवलेल्या भातात तशा काड्या उभ्या करतात, त्यामुळे आपल्याला पिंड पाहून जी आठवण होते, तशीच काहीशी समोरच्या माणसाला होते. आमच्याकडच्या चायनीजच्या गाड्यावर भाच्याने हे करून दाखवले, तेव्हा पाहुण्यांनी नुसती मान दुसरीकडे वळवली.

आता जेवणाचे. भोगीच्या दिवशी मी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, भोगीची भाजी, शेंगाचटणी आणि दही असा बेत केला होता. जपानी माणूस वाढलेल्या अन्नातले शीतसुद्धा मागे ठेवीत नाही. रांधणाऱ्याचा मान राखायची त्यांची ती रीत. आपल्याकडे पाहुण्याचे ताट रिकामे दिसले की यजमानाची अब्रू जाते. त्यामुळे पाहुण्यांनी ताट स्वच्छ करायचे आणि मी ते भरायचे, असे सुरू झाले. आपल्याकडे पाहुणा ‘नको, नको’ म्हणत ताटावर आडवा हात धरतो आणि तरीही अर्धी भाकरी पडतेच, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. तिसऱ्या भाकरीला त्यांनी हळूच ‘चोत्तो’ म्हटले. मला वाटले, छोटी मागताहेत, म्हणून मी आत जाऊन खास लहान भाकरी थापून आणली. चौथीला ते पुन्हा ‘चोत्तो’ म्हणाले, तेव्हा मी आणखी लहान थापली. पाचवीला त्यांच्या कपाळावर घाम होता. ‘चोत्तो’ म्हणजे ‘जरा’, आणि वाक्य तिथेच अर्धवट सोडले की त्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो, जसे सोलापूरचा माणूस ‘बघू की’ म्हणाला की ते काम होणार नाही असे आपण धरून चालतो. हे मला दुसऱ्या दिवशी कळले; भाच्याला मात्र सहा वर्षांपासून माहीत होते. तो शेजारीच बसला होता. एका शब्दाने ही भाकऱ्यांची रांग थांबवता आली असती, पण त्याचे दोन्ही हात फोनवर गुंतले होते, कारण तो व्हिडिओ काढीत होता. तो व्हिडिओ आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आहे, त्याखाली हसणारी तोंडे आहेत, आणि त्या माणसाने ती रात्र ओवा चावत बसून काढली, याची तिथे नोंद नाही. यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक बघायला हजारो मैलांवरून आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी अंथरुणावर होता. तशा अवस्थेतही त्या रात्री ताटावरून उठण्यापूर्वी हात जोडून ते मला ‘गोचिसोसामा’ म्हणाले होते. जेवण घालणाऱ्याने जी धावपळ केली, तिची जाण त्या शब्दात आहे. आपले ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणा ना. माझा सख्खा भाचा अर्धी भाकरी टाकून, ताटातच हात धुऊन, केव्हाच उठून गेला होता.

शेवटची सूचना दुसऱ्याच्या इतिहासासंबंधी आहे. बरे वाटल्यावर पाहुण्यांनी स्वतःहून भैया चौकातले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचे स्मारक बघायची इच्छा दाखवली. कोटणीस मूळचे सोलापूरचे. चीन आणि जपानचे युद्ध पेटलेले असताना 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. तिथल्या ज्या जखमी चिनी सैनिकांवर त्यांनी उपचार केले, ते सैनिक ज्यांच्याशी लढत होते, त्यांच्याच देशातला माणूस आज स्मारकातल्या तसबिरींसमोर उभा होता. अशा वेळी गप्प राहावे, असा तुमचा समज असेल, तर तो चुकीचा आहे. पाहुण्याच्या पाठीवर थाप मारून, खदाखदा हसत, “सर, हे सगळे जखमी तुमच्याच लोकांनी केलेले बरं का” असे इंग्रजीत ऐकवावे. भाच्याने तसे ऐकवले, तेव्हा पाहुणे काही बोलले नाहीत. हात मांड्यांशी ठेवून कमरेतून वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. दाराशी गप्पा मारणारी दोन माणसेही बोलायची थांबली. भाच्याने फोन पुढे धरला आणि म्हणाला, “सर, परत एकदा वाका ना, फोटो हलला.”

अरे, तुला लाज कशी वाटली नाही? आणि ते खरोखरच परत वाकले, तेव्हा तुला काहीच झाले नाही? मी तिथे चारचौघांत बोलले नाही, पाहुण्यांसमोर घरातले भांडण नको म्हणून, आता बोलते. ज्या माणसाच्या स्मारकात तू फोटो काढीत होतास, तो चीनला गेला तेव्हा त्याला तिथले एक अक्षर येत नव्हते. तो ती भाषा शिकला, तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकवू लागला, रुग्णालयाचा प्रमुख झाला, तिथेच त्याने संसार मांडला आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी तिथेच गेला. त्याला जेमतेम चार वर्षे मिळाली. तू सहा वर्षे काढलीस, आणि तुला स्वतःच्या नावापुढे ‘सान’ लावू नये एवढेही कळले नाही. तिथले लोक तोंडावर बोलत नाहीत, म्हणून तू स्वतःला शहाणा समजतोस. इथे आल्यावर आम्हाला वाकायला शिकवतोस, आणि निघताना नव्वदीच्या आजीच्या पाया न पडता “चला, बाय” म्हणून गाडीत जाऊन बसतोस. पाहुण्यांनी सासूबाईंकडून एक शब्द घोकून घेतला होता; दारात बूट घालून झाल्यावर ते मागे वळून “येतो” म्हणाले. सासूबाईंनी डोळे पुसले, ते तुला गाडीतून दिसले नसेल.

त्यांचे पत्र गेल्या आठवड्यात आले; जेवणाचे, अंथरूण-पांघरुणाचे, ओव्याचेसुद्धा आभार मानले आहेत. तू टोकियोला पोहोचलास, हे मला त्या पत्रातून कळले. आजी अजून रोज विचारते. आज रात्री तिला फोन कर, आणि तेवढा तो व्हिडिओ काढून टाक.