आढ्याचं पाणी कपाळाला

पहिला थेंब रात्री पावणेतीनला पडला. बरोब्बर दोन भुवयांच्या मध्ये, देवळात गुरव गंध लावतो तिथे. दुसऱ्याची वाट बघत डोळे उघडे ठेवून पडलो, तर तो येईना. डोळे मिटले, आला.

गाडी आमचीच. जपानहून इंग्लंडात आलेली १९९८ची जुनी कॅम्पर व्हॅन, ‘पॉप-टॉप’. म्हणजे छपराला मागे बिजागरी, पुढून ते छत्रीसारखं वर उचलायचं, भोवती कॅनव्हास आणि आत फळ्या टाकून दोघांची झोपायची सोय. विकणारा म्हणाला होता, ‘हिच्यात कधी एक थेंब आला नाही.’ खरंच बोलत होता बिचारा. एक कधीच येत नाही.

जागा बॉरोडेल, लेक डिस्ट्रिक्ट. शेजारीच सीथवेट, इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर. हे मला बुकिंग करताना माहीत होतं का? होतं. मी सावंतवाडीचा आहे, आंबोलीचा पाऊस बघितलेला माणूस, मला काय सांगता, अशी माझी गुर्मी होती. असो.

सकाळी साडेसहाला मी डोक्याला पंचा गुंडाळून दाराच्या पायरीवर उभा राहिलो आणि छपराकडे बघू लागलो. बघून काय कळणार होतं देव जाणे, पण घरधन्याने अशा वेळी वर बघायचं असतं. तेवढ्यात पलीकडच्या कॅरॅव्हॅनमधून एक सत्तरीचे गृहस्थ आले. एका हातात चहाचा मग, दुसऱ्या हातात घडीची खुर्ची, मागे रेनकोट घातलेलं एक छोटं कुत्रं. कुत्रं कोरडंठाक होतं, हे मी मुद्दाम नोंदवतो. गृहस्थांनी खुर्ची उघडली, आमच्या गाडीकडे तोंड करून मांडली आणि बसले. नाटकाला बसतात तसे.

“गळतंय?”

“हो ना.”

“नाही,” चहाचा घोट घेऊन ते म्हणाले. “गळत नाहीये. तुम्ही श्वास घेताय.”

मी कबूल केलं की घेतोय.

“दोघंही?”

बायको आतून म्हणाली, “अरे, त्यांना सांग की सध्या तरी दोघंही.”

मग त्यांनी समजावून दिलं. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरभर पाणी तरी बाहेर टाकतात. छप्पर थंड, वाफ त्याला लागते, थेंब होतो, पडतो. शिवाय काल संध्याकाळी आम्ही आत भात लावला होता. तो त्यांनी पाहिला होता. “कुकर,” ते म्हणाले, जणू चोरीचा माल सापडला. रात्रभर वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, बस. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय आणि हा मनुष्य मला खिडकी उघडी ठेवायला सांगत होता.

मी म्हटलं, काका, (इंग्रजीत काका नाही, पण माझ्या डोक्यात तोपर्यंत ते खुर्चीकाका झाले होते) पाऊस मलाही कळतो. त्यावर त्यांनी डोंगराकडे बोट दाखवलं. “तो हॉनिस्टर घाट. ५ डिसेंबर २०१५. चोवीस तासांत ३४१ मिलिमीटर. ब्रिटनचा विक्रम.”

माझ्या हातात तर हुकमाचा एक्का. “२६ जुलै २००५. मुंबई, सांताक्रूझ. ९४४.”

खुर्चीकाका गप्प झाले. कुत्र्यानेही माझ्याकडे आदराने पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या पावसाचा मला काही उपयोग झाला, असं वाटतंय तोवर ते शांतपणे म्हणाले, “एवढा पाऊस पडतो, तरी तुम्हाला छप्पर कोरडं ठेवता येत नाही?”

आता यावर काय बोलणार? गेली एकोणीस वर्षं मी या देशात राहतो, इथल्याच पावसात भिजतो, कौन्सिल टॅक्स भरतो. पण छप्पर गळलं की मी मान्सूनचा प्रतिनिधी. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणूनच जास्त राग येतो. मन वाईट असतं तर भांडता तरी आलं असतं.

पाऊस थांबल्यावर गळती शोधायला मी मगाने छपरावर पाणी ओतायला लागलो, तर खुर्चीतून हुकूम सुटला, “खालून वर! वरून ओतलंत तर सगळंच भिजेल, कळणार काहीच नाही.” मुद्दा बरोबर होता, हेच दुःख. मग आधी रबराची पट्टी, दहा मिनिटं थांबा, मग कॅनव्हासची शिवण, दहा मिनिटं थांबा. बायको आत टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन पडलेली. मध्येच तिने कॅनव्हासला हात लावला तर बाहेरून “हात नको!” सुती कापड ओलं असताना आतून हात लागला की तिथूनच पाणी झिरपतं म्हणे. थांबायच्या दहा-दहा मिनिटांत मला त्यांच्या वडिलांच्या डॉर्मोबिलची, म्हणजे जुन्या ब्रिटिश कॅम्पर व्हॅनची, कथा ऐकावी लागली. तिचं छप्पर कुशीवर उघडायचं, कॅनव्हास लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, आणि ती कधी, कधी, कधी गळली नाही. मला दिवाळीचे फराळही इतक्या वेळा ‘आमच्या वेळेस’ या चवीने कुणी खिलवलेले नाहीत.

शेवटी मागच्या कोपऱ्यात, जुन्या अँटेनाचं भोक बुजवलं होतं तिथे मगभर पाणी ओतलं. चार मिनिटांनी आतून आरोळी आली, “आलं!” आलं कुठे, तर तिथून दोन हात लांब, दिव्याच्या स्क्रूमधून. आढ्याचं पाणी वळचणीला म्हणतात, आमचं आतल्या अस्तरावरून घसरत थेट माझ्या कपाळाला. कुठेतरी पाणी मुरतंय हे मी इतकी वर्षं नुसतं ऑफिसातल्या राजकारणाबद्दल म्हणत होतो.

खुर्चीकाका उठले. भोकावरचा पांढरा गोळा नखाने टोकरला आणि शिवी द्यावी तसं म्हणाले, “सिलिकॉन.” सिलिकॉन लावलं की त्यावर दुसरं काही चिकटत नाही, रंगही धरत नाही. आधीच्या मालकाने ते भरभरून लावलं होतं. मला वाटलं, आता तरी माणूस मान्य करेल. तर खुर्ची मिटत म्हणाले, “हे एक झालं. बाकीचा श्वासच.”

घरी येऊन शनिवार-रविवार त्यात घातला. प्लास्टिकच्या खरवडणीने सिलिकॉन काढायचं म्हणजे उकडलेल्या अंड्याचं पातळ साल सोलत बसणं, फक्त अंडं संपत नाही. मग स्पिरिटने पुसायचं, मग ब्यूटाइलची, म्हणजे चिकट रबराची, पट्टी दाबून बसवायची. हे ब्यूटाइल कधी वाळत नाही, मऊच राहतं, म्हणून गाडी हलली तरी फटीत धरून राहतं. माझी बोटंही त्याने तशीच धरली. फणसाच्या चिकावर करतात तो उपाय केला, खोबरेल चोळलं. निघालं! आणि तोच तेलकट हात छपरावर टेकला. पुन्हा स्पिरिट.

कॅनव्हासचं कोडं राहिलं होतं. आजोबा मे महिन्यात कौलं परतायच्या वेळी भर दुपारी दारं-खिडक्या लावून माजघरात बसायचे. अंधारात जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथलं कौल सरकलेलं. मग छपरावरच्या गड्याला खालून ओरडायचे, ‘अजून मागे! मागे म्हणजे तुझ्या मागे नाही, घराच्या!’ मी तेच उलटं केलं. रात्री आत दिवा लावून बायकोला बाहेर उभं केलं. अख्खी गाडी आकाशकंदिलासारखी उजळली. शिवणीत सुईएवढी दोन भोकं सापडली, त्यांना सीम सीलर, म्हणजे शिवण बुजवायचं औषध, लावलं. समोरच्या घरातून पडदा हलला. उद्या कुणीतरी विचारणार, दिवाळी इतक्या लवकर?

मंगळवारी पाऊस आला. दाराशी उभ्या गाडीत मी उशी-पांघरूण घेऊन मुद्दाम जाऊन झोपलो. भात नाही, कुकर नाही, खिडकी घट्ट बंद. अँटेनाचं भोक कोरडं. शिवण कोरडी. दिव्याचा स्क्रू तर मी जिभेने तपासला. रात्रभर एक थेंब नाही.

सकाळी जाग आली तर काचा आतून पाणी पाणी झालेल्या, आणि गादी वर करून पाहिली तर खालची फळी ओली.

बायको चहा घेऊन आली आणि काचेकडे बोट दाखवून म्हणाली, “हे काय रे?”

“बाहेरून ओल्या आहेत,” मी म्हटलं.