धंदा त्याचा, मग कर्ज बाबांच्या नावावर कशाला?

आज परत बँकेतून हात हलवत आलो. भावाच्या धंद्याच्या कर्जासाठी चौथी फेरी होती ही. घरी येऊन दोन तास झाले तरी डोकं शांत होत नाहीये म्हणून इथे लिहितेय.

माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे, २६ वर्षांचा. गेली तीन वर्षं तो थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट करतो. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, गहू, धणे, जिरं, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजणार, काट्यावर आकडा ५ ग्रॅमने जरी पुढे गेला तरी चमच्याने काढून परत ठेवणार. घड्याळ बघत नाही, कढईजवळ उभा राहतो आणि वासावरून गॅस बंद करतो, आणि तीन वर्षांत एकदाही करपलेलं नाही. गिरणीत आमच्या आधी कुणी मिरची दळलेली असली की हा दारातूनच परत फिरायचा. आता गिरणीवाले काका त्याच्या दळणाआधी मूठभर ज्वारी घालून जातं साफ करून घेतात, स्वतःहून. त्यांना कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं, कुठला जीआर दाखवला नव्हता. माणूस बघितला आणि कळलं.

आणि बँकेतल्या शिकलेल्या साहेबांना चार फेऱ्यांत कळत नाही.

पहिल्या दिवशी साहेबांनी काय विचारलं माहितीये? माझ्याकडे बघून, "हा बोलतो का?" भाऊ माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेला! त्याला ऐकू येतं हो. तो टेबलाच्या काचेवर बोट फिरवत होता, वर न बघता म्हणाला, "भाजणी किलो २४० रुपये." आणि साहेब हसले. मला तिथेच रडू येणार होतं. अहो भाव सांगतोय तो तुम्हाला, धंद्याबद्दलच बोलतोय, अजून काय बोलायला पाहिजे त्याने?

आम्हाला रोस्टर (भाजायचं मशीन), पल्व्हरायझर (दळायचं मशीन) आणि पॅकिंग मशीन घ्यायचंय, आणि त्यासाठी पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, या सरकारी कर्ज-सबसिडी योजनेतून अर्ज केलाय. त्या योजनेत दिव्यांग उद्योजकाला स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे असतात आणि ग्रामीण भागात ३५ टक्के सबसिडी आहे. ओपनमधल्या माणसाला तेच १० आणि २५. हे मिळतं कशामुळे, तर दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटमुळे. आता ते सर्टिफिकेट काढताना काय करावं लागतं ते ऐका. डॉक्टरांसमोर बसून मुलाला काय काय जमत नाही ते एकेक करून सांगायचं. एकटा एसटीने जात नाही, अनोळखी माणसाकडे बघत नाही, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून घेतो. आई सांगत होती आणि डोळे पुसत होती, आणि हा सगळं ऐकत होता. दिव्यांगत्व ६० टक्के आलं. तोच कागद बँकेत ठेवला तर साहेब म्हणतात, ६० टक्के? मग हा धंदा कसा करणार?

म्हणजे एका दारात सिद्ध करायचं की याला काही जमत नाही आणि दुसऱ्या दारात तोच कागद घेऊन सिद्ध करायचं की याला सगळं जमतं. ज्या कागदामुळे सरकार सबसिडी द्यायला तयार आहे त्याच कागदामुळे बँक कर्ज द्यायला घाबरते. ही योजना नक्की कुणासाठी काढलीय?

मग म्हणाले कायदेशीर पालकत्वाचं सर्टिफिकेट आणा, म्हणजे सज्ञान माणसाच्या वतीने निर्णय घेणारा पालक नेमल्याचं, ते कलेक्टरांच्या समितीकडून मिळतं नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली. मी विचारलं, आणलं तर कर्ज याच्या नावावर होणार का? तर नाही, मग तर होणारच नाही, पालक लागतो म्हणजे हा करारावर सही करायला लायक नाही! मग आणायला कशाला सांगता? शेवटी "बाबांच्या नावावर करून टाका ना, सातबारा पण त्यांचाच आहे." पीएमईजीपीत १० लाखांपर्यंत तारण मागायचं नसतं, तरी यांना सातबारा पाहिजे. आणि बाबांच्या नावावर केलं की दिव्यांगांची ३५ टक्के सबसिडी गेली, आणि भाऊ स्वतःच्याच धंद्यात कुणी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की स्वतःचे पैशाचे व्यवहार बघायचा आणि बँकेकडून कर्ज मिळवायचा दिव्यांगांना इतरांइतकाच हक्क आहे. मी प्रिंट काढून नेली होती. साहेबांनी ती वाचली पण नाही, फाईलखाली सरकवली.

करंट अकाउंटची वेगळीच कथा. व्हिडिओ केवायसी करा म्हणे, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळख पटवायची. समोरची बाई "सर कॅमेऱ्यात बघा, सर डोळे मिचकावा" असं भराभर बोलत होती, हा नजर देऊच शकत नाही, तीनदा कॉल कट झाला. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२५ मध्ये या डिजिटल केवायसीवरच निकाल दिलाय, अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या बायका आणि एक अंध वकील कोर्टात गेले होते, डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि दुसरे मार्ग ठेवा असं कोर्टाने सांगितलं. इथे शाखेत गेलो तर उत्तर काय, "ऑनलाईनच करावं लागेल."

आणि लोक! दिवाळी आली की फोन सुरू, दिव्यांग मुलांकडून पणत्या घ्यायच्यात, उटणं घ्यायचंय, फोटो काढायचाय. आम्ही पणत्या करत नाही, भाजणी करतो, आणि ती जूनमध्ये पण लागते लोकांना. चांगली वाटली तर घ्या, नाही आवडली तर तसं सांगा, पण "बिचाऱ्याला मदत" म्हणून घेऊ नका, पुढच्या महिन्यात परत येत नाही असं गिऱ्हाईक. कुणी महाबळेश्वरच्या भावेश भाटियांचं उदाहरण देतात, अंध असून केवढा मेणबत्त्यांचा व्यवसाय उभा केला बघा, जिद्द पाहिजे. जिद्द होतीच हो त्यांची, भाड्याच्या हातगाडीवर मेणबत्त्या विकल्यात त्यांनी. पण अंधांसाठीच्या योजनेतून मिळालेलं छोटं कर्जही होतं, ते कुणी सांगत नाही. माझ्या भावाच्या जिद्दीत काय कमी आहे? पहाटे ५ ला उठून धान्य निवडतो.

आम्ही फार काही मागत नाहीये. काय काय कागद लागणार ते एकदाच लिहून द्या, दर वेळी नवीन सांगू नका, कारण ठरलेलं बदललं की त्याचे पुढचे दोन दिवस खराब जातात. गर्दी नसेल अशी वेळ द्या. आणि त्याच्याशी बोला, माझ्याशी नाही.

आज येताना रिक्षात त्याने एकच विचारलं, "मशीन सोमवारी?" मी काहीच बोलले नाही. घरी येऊन तो सरळ डब्यांना लेबलं लावायला बसला, त्यावर खाली त्याचं नाव आहे आणि नावापुढे प्रोप्रायटर, ते त्याने स्वतः टाईप करून घेतलंय. बाबांच्या नावाचा फॉर्म मी भरलेला नाही आणि भरणार पण नाही. सोमवारी दोघं परत जाणार आहोत, आणि या वेळी नाही म्हणाले तर का नाही ते बँकेच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट घेतल्याशिवाय मी त्या खुर्चीवरून उठणार नाही.